साडेतीन फरशा

आमच्या दारापासून समोरच्या दारापर्यंत सात फरशा आहेत. दोन फुटी, पांढऱ्या, मधून राखाडी रेघ गेलेल्या. राहायला आलो तेव्हा कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी साडेतीन आम्ही आमच्या धरल्या आणि साडेतीन त्यांनी त्यांच्या. साडेतीन शहाणे ऐकून माहीत होते. आमच्या मजल्यावर दोन दारांत मिळून सात भरले.

आमच्या बाजूला आधी चपलांचं कपाट आलं. लिफ्टच्या बरोबर समोरच्या भिंतीला ते छान बसलं, म्हणून तिथेच राहिलं. मग मुलाची सायकल कपाटाला टेकली, सायकलच्या हँडलला छत्र्या लटकल्या, आणि घरात नको असलेलं पण टाकवत नसलेलं सामान कपाटाच्या डोक्यावर चढलं. त्यांच्याकडे सुरुवातीला दोन कुंड्या होत्या. दार उघडल्यावर हिरवं दिसायचं, मलाही बरं वाटायचं. वर्षभरात त्या नऊ झाल्या. दहावी, सगळ्यांत मोठी, जिन्याच्या दाराला टेकवलेली, दार सताड उघडं राहावं म्हणून.

पॅसेजच्या फरशीला उतार आहे आणि तो आमच्या दाराकडे आहे. बांधणाऱ्याने कुठला हिशेब केला होता देव जाणे. समोर साडेसहाला झाडांना पाणी घातलं की पावणेसातला आमचं पायपुसणं भिजलेलं. पहिल्यांदा मी दारात उभं राहून सांगितलं तेव्हा काकांनी मान डोलावली आणि कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या. मग ताटल्या भरून वाहू लागल्या. दुसऱ्यांदा सांगितलं ते लिफ्टमध्ये, चार माणसांसमोर. "काका, जरा पाण्याचं बघा ना, रोज पुसावं लागतं मला." बोलले काहीच नाहीत, फक्त लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'तुम्ही' झाले. त्याआधी "काय गं, आज उशीर झाला?" असं असायचं. आता "तुमची सायकल लागते येताजाता." वडीलधारा माणूस आपल्याला अचानक अहोजाहो करायला लागला की तो मान देत नसतो, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आणि मग कुंडी फुटली. खरं सांगायचं तर मी फोडली. सकाळची घाई, हातात डबा, खांद्याला लॅपटॉपची बॅग, एक कुंडी अर्धी फरशी ओलांडून आमच्याकडे आलेली. मी ती पायाने मागे ढकलली. जरा जोरातच. मातीच्या कुंडीचा काठ भिंतीला लागून तळहाताएवढा कपचा निघाला. मी कपचा उचलून कुंडीतच ठेवला आणि लिफ्टमध्ये शिरले. संध्याकाळी सांगू म्हटलं होतं, पण दुपारीच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, खाली ओळ: 'सुशिक्षितांचे वर्तन.' नवऱ्याने उत्तर दिलं, त्यावर त्यांचा मुलगा परगावाहून बोलला, त्यावर दुसऱ्या विंगमधल्या, आमचा मजला कधी न पाहिलेल्या गृहस्थांनी पसंतीचा अंगठा टाकला. पुढच्या चाळीस मेसेजचं वर्णन करण्यात अर्थ नाही, सगळ्या सोसायट्यांमध्ये ते सारखेच असतात.

मी कमिटीकडे लेखी तक्रार दिली. दोन पानी, सोबत सहा फोटो: ओली फरशी, कुंड्यांची रांग, उघडं जिन्याचं दार, आणि माझा हुकमाचा एक्का, आमच्या कपाटाच्या दारावर खालच्या बाजूला पडलेले चार आडवे ओरखडे. 'कुंड्या सरकवताना जाणूनबुजून केलेले नुकसान' असं मी त्याखाली लिहिलं होतं. कुंडी कुणी फोडली ते मात्र दोन्ही पानांत कुठे नव्हतं.

आठवड्याने नोटीस आली. त्यांना आली तशी मलाही! तक्रार मी केली आणि नोटीस मलाच, म्हणून मी तरातरा ऑफिसात गेले. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "पॅसेज, जिना, लिफ्टसमोरची जागा, गच्ची, हे सगळं सामायिक. प्रत्येकाचा त्यात अविभक्त हिस्सा."

"मग माझाही आहे ना?"

"आहे. प्रत्येक फरशीत आहे. म्हणून कुठलीच एक फरशी तुमची नाही."

यावर मला काही सुचलं नाही. घरी जाताना लिफ्टमध्ये सुचलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नोटिशीत दुसरा मुद्दा जिन्याच्या दाराचा होता. तो मी आधी वाचून सोडून दिला होता, सेक्रेटरींनी समजावल्यावर नीट कळला. ते दार साधं दार नसतं. आग लागली तर जिन्यात धूर शिरू नये म्हणून ते आपोआप मिटणारं असतं. आगीत माणसं भाजून मरण्यापेक्षा धुराने गुदमरून जास्त मरतात, आणि जिन्याचं दार उघडं राहिलं तर जिन्याची चिमणी होते. त्यांनी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं उदाहरण दिलं. १४ जून २०१७ ची आग, ७२ माणसं गेली. २४ मजले, खाली यायला एकच जिना, आणि त्यात धूर. "त्या कुंडीने दार अडवलंय," ते म्हणाले, "आणि तिथे पोचायच्या वाटेवर तुमची सायकल आणि प्लायवूडचं कपाट. कपाटात रबराच्या चपला. पेटायला आणखी काय लागतं?" मी तक्रारीत जिन्याच्या दाराचा फोटो जोडला होता तो काकांना अडकवायला. त्यात माझी सायकलही आली आहे, हे मला तेव्हा दिसलं.

पंधरा दिवसांची मुदत गेली. त्यांनी कुंड्या हलवल्या नाहीत, कारण आमचं कपाट हललं नव्हतं. आम्ही कपाट हलवलं नाही, कारण त्यांच्या कुंड्या हलल्या नव्हत्या. मग कमिटीने दोघांना एकत्र बोलावलं आणि ती बैठक पार वाया गेली. विषय फरशीचा होता, पण बोलणं चार वर्षांपूर्वी रविवारी दुपारी आम्ही भिंतीत मारलेल्या ड्रिलपर्यंत गेलं. आम्ही त्यांच्या टीव्हीच्या आवाजाचा विषय काढला. त्यांनी मुलाच्या चेंडूचा काढला. चेअरमन घड्याळाकडे बघत होते. शेवटी त्यांनी सांगितलं की इमारतीतली दोन माणसं मध्ये बसतील, त्यांनी सांगितलेलं पाळायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ते चालू आहे तोवर ग्रुपवर एक अक्षर नाही.

या मधल्या दोघांपैकी एक तळमजल्यावरच्या मॅडम, अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दुसरा सहाव्या मजल्यावरचा एक तरुण, जो सगळ्या बैठकांत मिळून दहा वाक्यं बोलला असेल, पण टेप घेऊन आला होता.

आधी त्यांनी दोघांना वेगवेगळं गाठलं. मॅडमनी माझी दोन पानं समोर ठेवली आणि हातात पेन्सिल दिली. "यातली विशेषणं खोड." मी हसले. त्या हसल्या नाहीत. 'बेजबाबदार' गेलं, 'उर्मट' गेलं, 'सातत्याने' गेलं. "'जाणूनबुजून' तू पाहिलंस?" नव्हतं पाहिलं, ते गेलं. दोन पानांच्या सहा ओळी उरल्या: कुंड्यांचं पाणी आमच्या दारात येतं, जिन्याचं दार उघडं असतं, कपाटावर ओरखडे आहेत. वाचताना मलाच वाटलं, एवढ्यासाठी?

मग म्हणाल्या, "काकांनी काय करावं ते तू सांगितलंस. तुला काय हवंय ते सांग." यात फरक काय, असं मी विचारल्यावर त्यांना आवडता तास मिळाला. शिकवायची सवय सुटलेली नव्हतीच. मेरी पार्कर फॉलेट नावाच्या अमेरिकन विदुषीने १९२५ मध्ये सांगितलेली गोष्ट त्यांनी ऐकवली. लायब्ररीच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेटबाईंना बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्याला हवा हवी होती, ती मिळाली. बाईंना वाऱ्याचा झोत अंगावर नको होता, तो टळला. अर्धी खिडकी उघडून दोघांचं अर्धंमुर्धं भागवायची वेळच आली नाही. "तुम्ही दोघं कुंड्या आणि कपाट धरून बसलायत," मॅडम म्हणाल्या. "कशासाठी, ते कुणी बोलत नाही."

मला काय हवं होतं? कोरडं दार. आणि, बराच वेळ टाळून म्हटलं, काकांनी पुन्हा 'काय गं' म्हणावं. मॅडमनी हे दुसरं लिहून घेतलं नाही.

जाता जाता त्यांनी कुंड्यांचं गणितही सांगितलं. गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये सामायिक कुरणाचा सापळा मांडला: प्रत्येक गुराख्याला आणखी एक जनावर सोडणं फायद्याचं, कारण दूध त्याचं एकट्याचं, झिजलेलं गवत सगळ्यांचं. नववी कुंडी तशीच. फूल त्यांचं, ओल दोन्ही घरांची. आणि छत्र्यांचा गुच्छ? मी गप्प. पण एलिनॉर ऑस्ट्रॉमने कुरणं, मासेमारी, पाण्याचे पाट प्रत्यक्ष राखणारे लोक पाहिले आणि १९९० मध्ये दाखवून दिलं की माणसं आपापसांत नियम करून अशा जागा शतकानुशतकं टिकवतातसुद्धा. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या यादीतल्या दोन गोष्टी मॅडमनी बोटावर मोजल्या: हद्द स्पष्ट हवी, आणि भांडण मिटवायची जागा जवळ आणि स्वस्तात हवी. "दुसरी म्हणजे मी," त्या म्हणाल्या. "फुकट."

एकत्र बसायचं ठरलं ते ऑफिसात नाही, पॅसेजमध्येच. शनिवारी सकाळी दहाला आम्ही दोन्ही घरचे दारात उभे. टेपवाल्या मुलाने रुंदी मोजली, १५० सेंटिमीटर. कपाटाची खोली ३५. उरले ११५. त्याने आकडे वहीत मांडले आणि मॅडमकडे बघितलं. मॅडम काकांना म्हणाल्या, "काकूंची खुर्ची आणता का जरा? रिकामी."

काकूंना वर्षभरापूर्वी पक्षाघात झाला हे मला माहीत होतं. हॉस्पिटलातून आल्या तेव्हा भेटूनही आले होते. नंतर पाण्याचं प्रकरण सुरू झालं आणि जाणं थांबलं. त्या घरातच असतात असं मी धरून चालले होते. आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी त्यांना खाली नेतात, भर दुपारी, मी कामावर असते तेव्हा, हे मला ठाऊक नव्हतं.

मॅडमनी व्हीलचेअर लिफ्टमध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, "तू ढकल. लिफ्टमधून काढून काकांच्या दारात ने."

मी ढकलली. खुर्ची लिफ्टमधून सरळ बाहेर आली आणि चार पावलांत पुढचे पाय ठेवायचे पत्रे आमच्या कपाटाला लागले. मागे घेतली. मागची चाकं लिफ्टच्या उंबऱ्यात अडकली. थोडी वळवली, पुढे घेतली, पुन्हा लागली. अख्खं वळण घ्यायला अशा खुर्चीला साधारण दीड मीटरचा घेर लागतो, असं त्या मुलाने मागून सांगितलं. पॅसेज बरोबर तेवढाच होता. कपाट येईपर्यंत. तिसऱ्यांदा मागे घेताना लिफ्टचं दार मिटायला लागलं आणि मी घाईने हात मध्ये घातला. खुर्ची रिकामी होती. तिच्यात माणूस असतं तर त्याचे पाय त्या पत्र्यांवर असते.

आणि मग मला ते दिसलं. पत्र्यांची कड ज्या उंचीवर कपाटाला लागत होती, तिथेच ते चार ओरखडे होते. आता पाचवा पडला होता. माझ्या हाताने.

"काका, सांगायचं ना मला," मी म्हटलं.

तेव्हा ते फुटले. "सांगायचं? समोर राहतेस तू! दिसत नव्हतं तुला? काय सांगायचं तुला मी, की बायकोला घरात न्यायला जागा दे म्हणून?"

ओरडतच होते, पण 'तू' म्हणून ओरडत होते. मॅडमनी त्यांना थांबवलं नाही. मी म्हटलं कुंडी मी फोडली. ते म्हणाले, माहीत आहे, त्या वेळी लिफ्ट तूच घेतलीस.

मग कुंड्यांचं 'कशासाठी' निघालं. झाडं काकूंची. पूर्वी बाल्कनीत होती, दोन तेवढी हौसेने बाहेर. बाल्कनीच्या दाराला सहा सेंटिमीटरचा उंबरा आहे, खुर्ची तो ओलांडत नाही, म्हणून एकेक करून सगळी बाहेर आली. सकाळी साडेसहाला पाणी काका घालत नव्हते, काकू घालत होत्या. उजव्या हाताने, छोट्या झारीने, आणि हात स्थिर नसल्याने निम्मं पाणी कुंडीबाहेर जायचं. ताटल्या भरून का वाहायच्या ते मला कळलं. नुसतं पाणी पाहून जे काय काय गृहीत धरलं होतं ते आठवलं, आणि मी उगाच टेप गुंडाळायला मदत केली.

दाराला टेकवलेली मोठी कुंडी? जिन्याचं दार मिटताना धाडकन वाजायचं, दुपारी काकू दचकून उठायच्या. त्या मुलाने दाराच्या माथ्यावरच्या, दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरकडे बघितलं, स्टूल मागितलं, स्क्रू ड्रायव्हर मागितला. क्लोजरच्या कडेला दोन बारीक स्क्रू असतात, एक दार मिटण्याच्या वेगाचा आणि दुसरा शेवटच्या झटक्याचा. दुसरा त्याने पाव फेरा आवळला. दार सोडलं. ते सावकाश आलं आणि 'टक' करून बसलं. आम्ही सगळे त्या दाराकडे बघत उभे. इतके महिने कुंडी, फोटो, नोटीस, ग्रेनफेल, आणि एक पाव फेरा. काकांनी दार पुन्हा उघडून सोडून बघितलं. दोनदा.

त्यानंतरचं लिहायला फारसं नाही. एका कागदावर पाच ओळी झाल्या. कपाट घरात, सायकल खाली पार्किंगमध्ये, कुंड्या बाल्कनीत, जिन्याचं दार मिटलेलं, काही खुपलं तर आधी दारावरची बेल आणि मग बाकी सगळं. शेवटची ओळ काकांची. दोन्ही घरांच्या सह्या, खाली मॅडमची. कुंड्या आत जायच्या तर उंबऱ्याला उतरण हवी. एकास बाराच्या उताराने सहा सेंटिमीटरला ७२ सेंटिमीटर लांबी लागते. नवऱ्याने उत्साहात आधी ४० ची केली, काकांनी खुर्ची चढवून पाहिली आणि म्हणाले, "ही घसरगुंडी आहे." दुसरी नीट झाली, पण त्यात तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत कमिटीची आणखी एक नोटीस आली, कारण मुदत ही मुदत असते.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. घरात आलेल्या कपाटावर रोज ठेच लागते. खाली ठेवलेल्या सायकलची हवा कोण सोडतं ते अजून कळलं नाही, आणि ते भांडण मी अजून सुरू केलेलं नाही. ग्रुपवरचा तो फोटो काकांनी काढला नाही. मी काढायला सांगितलाही नाही. त्यांचा मुलगा आला की लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता उभा राहतो.

फुटलेल्या कुंडीच्या बदल्यात मी नवीन आणली. तशीच, मातीची, त्याच मापाची. त्यांच्या दाराबाहेर ठेवून बेल वाजवली. काका म्हणाले, "अगं, कशाला? फुटकीत झाड चांगलं चाललंय, हलवलं तर मरेल. घेऊन जा." मी म्हटलं, तुमची आहे, राहू दे. ते म्हणाले, तू आणलीस, तुझी. ती कुंडी तिथेच राहिली. मी बाहेर पडताना ती मला मधल्या फरशीवर दिसते, परत येते तेव्हा थोडी आमच्या बाजूला आलेली असते. सकाळी मी ती परत सरकवते. हाताने.

काल दोन्ही दारांवर नोटीस लागली आहे. विषय: सामायिक जागेत ठेवलेली रिकामी कुंडी, मालक अज्ञात.